लिपोफिलिंगची दोन सिटिंग, आणि ‘जिवंत चरबी प्रिंट करून देतो’ म्हणणाऱ्या क्लिनिकचा अनुभव

आधी माझं सांगते म्हणजे पुढचं समजेल. २०२१ ला स्तनाच्या कॅन्सरसाठी डाव्या बाजूची लंपेक्टॉमी झाली, म्हणजे पूर्ण स्तन न काढता फक्त गाठ काढली, मग केमो, मग रेडिएशन, १५ शेक आणि वर गाठीच्या जागेला ५ जास्तीचे, बूस्टचे. गाठ वरच्या बाजूला काखेकडे होती, तिथलं काढल्यावर आणि नंतर शेकांनी कातडी आवळून आल्यावर असा खड्डा पडला की अर्धं लिंबू त्यात पालथं बसलं असतं. कपड्यातून काही दिसत नाही गं, असं घरात सगळे म्हणायचे आणि ते खरंही होतं, पण मला रोज आंघोळीला दिसायचा आणि ब्लाऊज घालताना तिथं कापड पोकळ राहायचं, बोट लावलं की आत जायचं. अडीच वर्षं काढली तशीच. सगळे चेकअप क्लिअर आल्यावर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी हो म्हटल्यावर मग मुंबईतल्या एका हॉस्पिटलच्या प्लास्टिक सर्जरीत दाखवलं आणि तिथं लिपोफिलिंग करून घेतलं. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण पुढं तक्रारीही आहेत आणि चांगलंही आहे, आणि मला तिथल्या सर्जन मॅडमना उगाच त्रास द्यायचा नाहीये.

लिपोफिलिंग म्हणजे पोटाची नाहीतर मांडीची चरबी सिरिंजने ओढून काढायची, साफ करायची आणि छातीत भरायची. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं की इथून काढलं, तिथं भरलं, झालं. तसं ते अजिबात नाहीये आणि हेच नीट कळावं म्हणून एवढं लिहितेय.

त्या दिवशी सकाळी मॅडमनी मला उभं करून मार्करने पोटावर दोन गोल काढले, मांड्यांवर आतल्या बाजूनं रेघा मारल्या, आणि छातीवर खड्ड्याच्या कडेनं नकाशात डोंगराच्या उंचीच्या रेषा असतात तशा एकात एक तीन वळणं काढली. उभं राहूनच काढावं लागतं, आडवं झालं की सगळं पसरतं आणि खड्डा खोटा दिसतो असं त्या म्हणाल्या. भूल पूर्ण होती. आधी पोटात सलाइनचं पाणी सोडतात, त्यात रक्त कमी यावं म्हणून अ‍ॅड्रिनलीन असतं, मग पोकळ दाभणासारख्या नळीनं हळूहळू ओढतात. माझी साधारण १८० मिली काढली आणि साफ झाल्यावर ७० मिली आत गेली. बाकीचं काय झालं असं मी विचारलं तर त्यांनी मोबाईलवर सिरिंजचा फोटो दाखवला. तीन थर होते, वर पिवळं तेल, मधे दाणेदार फिकट पिवळी चरबी, खाली लालसर पाणी. तेल म्हणजे काढताना फुटलेल्या पेशींतलं, ते फेकायचं, खालचं पाणी आणि रक्त फेकायचं, मधला थर तेवढा कामाचा. न्यूयॉर्कच्या सिडनी कोलमन नावाच्या सर्जननी नव्वदच्या दशकात ही पद्धत नीट बसवली, ते ३००० आरपीएमवर ३ मिनिटं फिरवून थर वेगळे करतात. आमच्या मॅडम बऱ्याचदा नुसतं स्थिर ठेवून वेगळं करतात, फिरवत नाहीत. दोन्ही चालतं म्हणाल्या.

आता भरण्याची गोष्ट. माझं माहेर कर्जतकडचं, भाताचं. मॅडम समजावत होत्या की चरबीचा गोळा एका जागी टाकला तर आतली मरून जाते, म्हणून बारीक बारीक धाग्यासारखी, प्रत्येक धागा वेगळ्या बोगद्यात, प्रत्येकाला सगळीकडून जिवंत मांस लागलं पाहिजे असं भरायचं, एका वेळी थेंब-थेंब. मी म्हटलं मॅडम ही तर भाताची लावणी झाली. राबातनं रोप उपटून आणलं की त्याला नवीन मातीत मुळं धरेपर्यंत जीव धरून राहायचं असतं, म्हणून दोन-तीन काड्यांचा चूड करून अंतरा-अंतरानं लावतात, अख्खी जुडी एका जागी खोचली तर मधली रोपं कुजतात. त्या थांबल्या, हसल्या आणि म्हणाल्या की बरोब्बर हेच, आणि रेडिएशन झालेली जागा म्हणजे चिखलणी न केलेलं कडक शेत. तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगते.

दुखण्याबद्दल सगळ्याजणी विचारतात. छाती फार दुखली नाही, ताण होता नुसता. पोट आणि मांड्या मात्र आतून कोणी लाटण्यानं लाटल्यासारख्या दुखत होत्या, पहिले चार दिवस पलंगावरून उठताना कूस वळवून हातावर जोर देऊन उठायचं. मांडी आधी जांभळी, मग हिरवट, मग पिवळी, तीन आठवडे. पट्ट्यासारखं घट्ट प्रेशर गारमेंट सहा आठवडे घालायचं पोट-मांडीला, पण छातीवर मात्र काहीही घट्ट घालायचं नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही, बर्फाचा शेक द्यायचा नाही कारण नवीन चरबीला रक्त पोचायला पाहिजे. पहिलं सिटिंग नोव्हेंबरात होतं म्हणून निभावलं. दुसरं एप्रिलच्या शेवटी केलं ती चूक झाली, मे महिन्यात डोंबिवलीत ते गारमेंट घालून लोकलनं जाणं म्हणजे पोटभर घामोळं. जमत असेल तर थंडीत करा, खरंच.

रिझल्ट. पहिल्या महिन्यात मी आरशासमोर रडले, आनंदानं. खड्डा नव्हताच. पण ती अर्धी सूज असते हे मॅडमनी आधीच सांगून ठेवलेलं आणि तरी मी मनात ते धरलंच नव्हतं. दुसऱ्या महिन्यात उतरायला लागलं, तिसऱ्या महिन्याच्या शेवटी साधारण निम्मं राहिलं. तेव्हा फार वाईट वाटलं, म्हणजे आपलीच चरबी आपल्याच शरीरात का टिकू नये. मॅडमनी अर्धा तास बसून समजावलं, ओपीडीत बाहेर लाइन असताना, त्यासाठी त्यांना माझ्याकडून पैकीच्या पैकी.

त्यांनी सांगितलेलं माझ्या भाषेत सांगते. चरबीची पेशी मोठी असते, तेलाचा फुगा आणि भोवती पातळ पडदा. तिला ऑक्सिजन लागतो, आणि जिथं रक्तवाहिनी नाही तिथं ऑक्सिजन नुसता झिरपून जेमतेम ०.१ ते ०.२ मिलिमीटर जातो, म्हणजे दोन-तीन केसांच्या जाडीइतकं. तेवढ्यात असलेली पेशी जगते, पलीकडची एका दिवसात मरायला लागते. टोकियोच्या टीमनं २०१२ साली उंदरांवर हे दाखवलं होतं की नुसती भरलेली चरबी कडेच्या पातळ थरातच मूळ रूपात जगते, त्याच्या आतल्या पट्ट्यात मोठ्या पेशी मरतात पण चरबीतल्या स्टेम सेल चिवट असतात, त्या टिकतात आणि नवीन चरबी बनवतात, आणि अगदी मधला भाग मात्र जातोच. म्हणजे जे शेवटी राहतं त्यातलं पुष्कळसं नेलेलं नाहीच, तिथं नव्यानं उगवलेलं आहे. हे ऐकल्यावर मला त्या उरलेल्या निम्म्याबद्दल एकदम माया वाटायला लागली.

दुसऱ्या सिटिंगनंतर जास्त टिकलं. कातडीही मऊ पडली, शेकांमुळे तिथं चामड्यासारखं झालेलं ते चिमटीत धरता यायला लागलं. हेही नुसतं मला वाटलेलं नाही, व्हेरोनाच्या सर्जन लोकांनी २००७ ला लिहिलं होतं की रेडिएशननं खराब झालेल्या जागी रुग्णाचीच चरबी भरली तर ती जागाच सुधारते. आता वर्ष होऊन गेलं, खड्डा आहे पण बशीसारखा उथळ, आणि मुख्य म्हणजे हात लावला तर बाकीच्या अंगाइतकाच कोमट लागतो. वजन मात्र सांभाळायला लागतं. दिवाळीत माझं तीन किलो वाढलं तर तिथंही फुगलं, कारण चरबी पोटाची आहे आणि पोटासारखीच वागते.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी. पहिल्या सिटिंगनंतर साडेचार महिन्यांनी, दुसऱ्याच्या आधी, आंघोळीला साबण लावताना वाटाण्याएवढी कडक गोळी हाताला लागली. ज्या बाईला एकदा कॅन्सर झालाय तिला छातीत गोळी लागल्यावर काय होतं ते मी लिहू शकत नाही. नळ तसाच चालू ठेवून मी स्टुलावर बसून राहिले. शुक्रवार संध्याकाळ होती, सोनोग्राफी सोमवारी मिळाली, मधल्या दोन रात्री मी आणि आमचे हे दोघंही जागे. सोमवारी निघालं ऑइल सिस्ट, म्हणजे मेलेल्या चरबीचं तेल एका पिशवीत साठलेलं, निरुपद्रवी. हे होऊ शकतं, बऱ्यापैकी होतं, आणि पुढं त्याच्याभोवती चुना साठून मॅमोग्राफीत ठिपकेही दिसू शकतात. याच कारणामुळे अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जन लोकांच्या संघटनेनं १९८७ साली छातीत चरबी भरायला चक्क नको म्हणून सांगितलं होतं, की कॅन्सर झाकला जाईल, आणि मग रेडिओलॉजिस्टना दोन्हीतला फरक सहसा ओळखता येतो हे दिसल्यावर २००९ ला ती भूमिका बदलली. इतकी माहितीतली गोष्ट आहे ही, बावीस वर्षं वाद झालेली, तर मग ऑपरेशनआधी मला एक कागद लिहून द्यायला काय हरकत होती की अशी गोळी लागू शकते, लागली तर घाबरू नका पण दाखवा. मॅडमना हे मी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, आता देतात म्हणे कागद. माझा सल्ला, आधीची मॅमोग्राफी करून फाइलला लावून ठेवा आणि नंतर जिथं कराल तिथं लिपोफिलिंग झालंय हे आधी सांगा.

दुसरी तक्रार टीपीएची, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम बघणाऱ्यांची. कॅशलेस नाकारलं, कारण काय तर कॉस्मेटिक. माझ्या नवऱ्यानं पॉलिसीची पुस्तिका काढून अपवादांची यादी वाचली. कॉस्मेटिक सर्जरीचा जो अपवाद असतो, कोड एक्सक्ल ०८, त्यातच लिहिलंय की अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यानंतरची पुनर्रचना असेल तर हा अपवाद लागू नाही. ही आयआरडीएआयनं, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, ठरवून दिलेली भाषा आहे, आरोग्य विम्याच्या पॉलिसीत हीच असते. त्या ओळीवर पिवळा मार्कर मारून, बायोप्सी रिपोर्ट आणि मॅडमचं ‘कॅन्सरनंतरची पुनर्रचना’ असं स्पष्ट लिहिलेलं पत्र लावून पुन्हा पाठवलं तेव्हा पैसे आले, पण सात आठवड्यांनी आणि चौदा फोन करून. सगळ्याजणींना हात जोडून सांगते, डॉक्टरांच्या पत्रात हा शब्द आहे का बघा, नुसतं ‘फॅट ग्राफ्टिंग’ लिहिलं असेल तर बदलून घ्या.

इथपर्यंत माझं. आता ताईंचं, आणि खरं तर मी लिहायला बसले ते त्यांच्यामुळे.

ताई म्हणजे केमोच्या वॉर्डात माझ्या शेजारच्या खुर्चीवर असायच्या त्या, चिपळूणच्या, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या. त्यांचं एमआरएम झालं, म्हणजे एक बाजू पूर्ण काढली. सुरुवातीला त्यांनी जुन्या नऊवारीच्या कापडाची गोल पिशवी शिवून त्यात राई भरली होती, वजन बरोबर यावं म्हणून किचनच्या काट्यावर मोजून. कल्पना चांगली, पण पावसाळ्यात घामानं राई दमट झाली आणि वास यायला लागला. मग सिलिकॉनची आणली, बऱ्यापैकी महाग, ब्रा पण वेगळी घ्यावी लागते आतून खिसा असलेली. ती दिसायला छानच आहे, चालीतला तोल पण सुधारला त्यांचा, खांदा दुखायचा तो थांबला. पण सकाळी थंड लागते, अंगाला लावली की पाच-दहा मिनिटं शिरशिरी, आणि दुपारी मागे घामाची तळी. आता घरात त्या लोकरीची विणलेली वापरतात, स्वयंसेवक बायका विणून फुकट देतात ती, ती हलकी आहे आणि धुता येते. बाहेर जाताना सिलिकॉन.

तर ताईंना एका क्लिनिकची जाहिरात आली. तुमच्याच पेशींपासून थ्रीडी बायोप्रिंटेड जिवंत स्तन, कापाकापी नाही, सिलिकॉन नाही. खाली प्रिंटर चालतानाचा व्हिडिओ, सुईतून गुलाबी जेल येऊन थर चढतायत. ताईंनी मला न विचारता २५ हजार टोकन भरलं. मला सांगितलं तेव्हा आवाजात इतका आनंद होता की मला पटकन काही बोलवेना. दुसऱ्या भेटीला मी सोबत गेले.

क्लिनिक चकाचक, पाणी विचारतात, नाव घेऊन बोलतात, तेवढं चांगलं. डॉक्टर भेटले नाहीत, काउन्सेलर भेटली. मी तीन गोष्टी विचारल्या. हे ट्रायल आहे का उपचार आहे? ट्रायल असेल तर सीटीआरआयचा, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला, नंबर द्या, कारण आपल्याकडे जून २००९ पासून प्रत्येक क्लिनिकल ट्रायलची तिथं नोंदणी सक्तीची आहे आणि ते कोणालाही वेबसाइटवर शोधता येतं. आणि ट्रायल असेल तर पैसे का घेताय, आयसीएमआरची, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, स्टेम सेलची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत त्यात रक्ताचे काही आजार वगैरे सोडले तर स्टेम सेलचा वापर मान्य ट्रायलच्या बाहेर करायचाच नाही आणि त्या ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत असं आहे. ती मुलगी चांगली होती, तिचा चेहरा उतरला, म्हणाली मॅम मी सरांना विचारून कळवते. नंबर आला नाही. नंतर फोनवर कळलं की ‘सध्या’ ते साधं लिपोफिलिंगच करतात आणि प्रिंटिंगची सोय ‘आली की’ टोकनवाल्यांना प्राधान्य. म्हणजे २५ हजार कशाचे तर रांगेत उभं राहण्याचे, आणि रांग कुठल्या दुकानाची तर जे अजून उघडलंच नाहीये. शून्य स्टार. छाती गमावलेल्या बाईच्या आशेवर टोकन घेणं हे मला सहनच होत नाही.

पण याचा अर्थ बायोप्रिंटिंग थापा आहे असा अजिबात नाही, आणि ताईंना मी तसं म्हटलंही नाही. मी आमच्या मॅडमना विचारलं, वाचलं, मुलीनं इंग्रजीतलं समजावून सांगितलं, आणि जितकं कळलं तितकं मला ते फार मोठं काम वाटलं.

प्रिंटरची कल्पना अशी की शाईच्या जागी जेल असतं, जिलेटिन, कोलॅजन, शेवाळापासूनचं अल्जिनेट असं काहीतरी, त्यात पेशी मिसळतात आणि बारीक सुईतून हव्या त्या आकारात थर चढवतात, मग प्रकाशानं नाहीतर कॅल्शियमनं ते जेल धरतं. मोठी झालेली चरबीची पेशी या कामाला चालत नाही, ती सुईत फुटते आणि जेलमध्ये तेलासारखी वर तरंगते, म्हणून चरबीतल्या स्टेम सेल घ्यायच्या आणि आकार झाल्यावर त्यांना चरबी बनवायला लावायचं. या पेशी लिपोसक्शनच्या चरबीत असतात हे लॉस एंजेलिसच्या टीमनं २००१ ला दाखवलं, त्याआधी ती चरबी बहुतेक कचऱ्यातच जायची.

मग अडलंय कुठं? जिथं माझं ७० मिलीचं निम्मं गेलं तिथंच. ऑक्सिजन ०.२ मिलिमीटर झिरपतो, आणि पूर्ण स्तन म्हणजे कित्येक सेंटीमीटर जाड. एवढं मोठं शेत बांधून दिलं आणि आत पाटच नाहीत तर मधलं रोप सुकणारच, मग ते सुईनं भरलेलं असो का प्रिंट केलेलं. जिवंत चरबी प्रिंट करणं लॅबमध्ये जमतंय, लहान तुकडे. अमेरिकेत पेन स्टेटच्या टीमनं २०२४ ला माणसाच्या चरबीतून काढलेल्या पेशी आणि पेशींभोवतीचं जाळं वापरून उंदरांच्या जखमेवर ऑपरेशन चालू असतानाच कातडीचे थर प्रिंट केले, खाली चरबीच्या थरासकट. पण ते उंदराच्या डोक्यावरचं, आणि ताईंना हवंय ते वाटीभर, त्यात रक्त फिरणारं.

दुसरी अडचण मॅडमनी सांगितली ती मला आधी सुचलीच नव्हती. या स्टेम सेल वाढीचे संदेश सोडतात, म्हणून तर त्या कामाच्या. पण जागा कोणाची आहे, तर जिथं कॅन्सर होता तिथली. साध्या लिपोफिलिंगनंतर कॅन्सर उलटण्याचं प्रमाण वाढलेलं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही, ते मी आधी विचारूनच केलं. पण पेशी लॅबमध्ये वाढवून, जास्त करून भरल्या तर काय, हे वर्षानुवर्षं बघितल्याशिवाय कोणी परवानगी देणार नाही आणि देऊही नये.

म्हणून आत्ता जे पुढं गेलेत ते बहुतेक पेशींशिवायचा मार्ग घेतायत. नुसता साचा प्रिंट करायचा, तो शरीरात विरघळणारा, आणि चरबी शरीरानंच त्यात वाढवायची. इस्रायलची कोलप्लांट कंपनी तंबाखूच्या रोपात माणसाचं कोलॅजन तयार करते, हो तंबाखूच, त्या जेलचे स्तनाच्या आकाराचे साचे प्रिंट करून त्यांनी डुकरांमध्ये बसवले, २०० मिलीच्या खऱ्या मापाचे, प्रिंटरसाठी २०२३ पासून स्ट्रॅटासिस या थ्रीडी प्रिंटरच्या कंपनीबरोबर. जर्मनीतल्या लाइपझिगच्या बेलासेनोनं विरघळणाऱ्या प्लास्टिकचं जाळं प्रिंट केलं आणि त्यात बाईचीच चरबी भरून ऑस्ट्रेलियात माणसांवर ट्रायल घेतली. फ्रान्समध्ये लीलची लॅटिस मेडिकल पिंजऱ्यासारखा साचा करते, त्यात जवळची चरबी तिच्या रक्तवाहिनीसकट आत वळवून ठेवतात म्हणजे पाट आधीच जोडलेला. मला शेतीच्या अकलेनं हाच मार्ग सगळ्यात शहाणा वाटतो.

पिंजऱ्याची कल्पना तशी आधीचीच. मेलबर्नमध्ये पाच बायकांवर करून बघितली होती, २०१६ ला छापून आलं. पाचपैकी एकीतच नीट चरबी वाढली, तिच्यात २१० मिली, बाकीच्यांत नाही. मला हे वाचून निराश व्हायला झालं नाही उलट त्या एका बाईबद्दल आणि बाकीच्या चौघींबद्दल पण फार कृतज्ञ वाटलं, कारण तिथं मिळालेल्या २१० मिलीनं हे होऊ शकतं एवढं तरी दाखवलं. आणि अजून मागं जायचं तर जर्मनीत व्हिन्सेन्झ चेर्नी नावाच्या सर्जननी १८९५ साली एका बाईच्या पाठीच्या खालच्या बाजूची चरबीची गाठ काढून तिच्या छातीच्या रिकाम्या जागी बसवली होती. स्तनाची पुनर्रचना म्हणतात ती तिथून सुरू झाली, म्हणजे सुरुवातच चरबीनं. सिलिकॉन तर १९६२ चं, ह्यूस्टनचं.

ताईंना मी हे सगळं त्यांच्या अंगणात बसून सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, मला मिळेल का माझ्या हयातीत? मी म्हटलं मला माहीत नाही ताई. मग त्यांनी विचारलं की आज काय मिळतं. तर आज मिळतं ते असं: पोटाची चरबी आणि कातडी तिच्या रक्तवाहिनीसकट उचलून छातीवर नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली जोडायची, डीआयईपी फ्लॅप म्हणतात, ऑपरेशन मोठं, सात-आठ तासांचं वगैरे, पण ती चरबी जगते कारण पाट सोबत आणलेला असतो. किंवा पाठीचा स्नायू वळवून आणतात तो एलडी फ्लॅप. किंवा सिलिकॉन इम्प्लांट. नाहीतर नुसत्या लिपोफिलिंगनं पूर्ण स्तन, पण त्याला चार-पाच सिटिंग लागू शकतात आणि ताई सडपातळ आहेत, इतकी चरबी आणायची कुठून. किंवा काहीच न करता जसं आहे तसं, विणलेलं घालून, आणि तोही पूर्ण निर्णय आहे, त्याला कमी समजू नका.

टोकनचं विचाराल तर आम्ही लेखी अर्ज दिला, त्यात सीटीआरआय नंबर मागितल्याची तारीख टाकली, आणि परत दिलं नाही तर ग्राहक आयोगात आणि राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे जाऊ असं लिहिलं. अकरा दिवसांनी २० हजार खात्यात आले, पाच हजार ‘कन्सल्टेशन’चे कापले. पावतीवर कन्सल्टेशन कोणत्या डॉक्टरचं ते नाव नाही. त्या पाच हजारांच्या मागे आम्ही अजून आहोत.

आमच्या मॅडमच्या टीमला ५ पैकी ४, एक त्या न दिलेल्या कागदाचा कापला. ताईंनी त्यांच्याकडेच नंबर लावलाय, फ्लॅपचं नुसतं विचारायला, करायचं का नाही ते अजून ठरलं नाही. जायच्या आदल्या दिवशी त्या माझ्याकडे मुक्कामाला होत्या. रात्री गाद्या घातल्यावर म्हणाल्या, तुझी ती जागा बघू गं. मी त्यांचा हात धरून तिथं ठेवला. बराच वेळ ठेवला त्यांनी. मग म्हणाल्या, अगं, ही गरम आहे.